ढोलीचा हिशेब

मीरा-भाईंदरमध्ये पोपट धोक्यात आहेत असे कुणी म्हटले, तर पहिली हरकत आभाळच घेईल. दिवस कलला की उत्तनच्या माडांवरून, भाईंदरच्या मिठागरांवरून, घोडबंदरच्या बाजूने हिरवे थवे कलकलाट करत रातथाऱ्याकडे निघतात. सोसायटीतल्या पेरूवर, बदामावर, शेवग्याच्या शेंगांवर पोपटांची धाड पडते. इतके पोपट डोळ्यांसमोर असताना धोका कसला, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. पण थवा पाहून पोपटांची खुशाली ठरवणे म्हणजे लग्नाच्या पंगती मोजून गावात यंदा किती पाळणे हलले याचा अंदाज बांधण्यासारखे आहे. पंगत चव्हाट्यावर बसते, पाळणा घरात असतो. पोपटाचा पाळणा म्हणजे जुन्या झाडाची ढोली, आणि ती आपल्या कुठल्याच हिशेबात धरलेली नाही. शहर झाडे मोजते, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात रोपे मोजते, क्वचित पक्षीही मोजते. ढोल्या मोजत नाही. पोपटांचे पुढे काय होणार हे मात्र बरेचसे त्यांवरच ठरते.

‘पोपट’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, त्यामुळे आधी थोडी निवड करायला हवी. शहरात नेहमी दिसतो तो कंठवाला पोपट, आपला राघू. सव्वा-दीड फुटाचा हा पक्षी माणसाच्या शेजाराला सरावला आहे आणि त्याची संख्या चिंता करावी अशी नाही. त्याचा थोरला भाऊ पहाडी पोपट. लाल चोच भलीमोठी, अंगलट भारदस्त, शेपटीसकट लांबी पावणेदोन-दोन फूट, आणि पंखाच्या खांद्यावर विटकरी-लाल ठिपका. कंठवाल्या पोपटाला हा ठिपका नसतो, त्यामुळे लांबूनही ओळख पटते. अलेक्झांडरच्या नावावरून इंग्रजांनी त्याचे नाव ठेवले, कारण या जातीचे पक्षी अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर पश्चिमेकडे गेले असे मानतात. म्हणजे पिंजऱ्याची कथा त्याच्या नावातच आहे. निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत तो आज ‘धोक्याच्या उंबरठ्यावर’ या वर्गात आहे. संकटग्रस्त म्हणण्याइतकी त्याची वेळ अजून आलेली नाही, आणि नसलेले संकट रंगवून सांगण्याची गरजही नाही. पण त्याला या यादीत आणणारी दोन कारणे, पिल्लांची चोरी आणि जुन्या झाडांचा ऱ्हास, एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ते ठिकाण म्हणजे ढोली.

या पक्ष्याचे विणीचे वेळापत्रक पाहिले की हे स्पष्ट होते. आपल्याकडे पहाडी पोपटाचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत चालतो. सावर, पळस, पांगारा याच काळात फुलतात, त्यांच्या पाकळ्या आणि मध पोपट आवडीने खातात. रानात फळे आणि बियाही याच दिवसांत मिळू लागतात. नरमादी आधी ढोली शोधतात. मिळाली की तिच्या तोंडाशी बसून दोघे चोचीने कडा कोरतात, आतली जागा वाढवतात, आणि घरटे म्हणावे असे काहीही न बांधता तळाच्या भुशावरच मादी दोन ते चार अंडी घालते. अंडी पांढरीशुभ्र असतात. उघड्या घरट्यातल्या अंड्यांना ठिपक्यांचा आडोसा लागतो, अंधारात तो काय कामाचा? उबवण्यात साडेतीन-चार आठवडे जातात. या काळात मादी क्वचितच बाहेर पडते आणि नर तिला चोचीतून भरवतो. शेवटचे अंडे पडायची वाट न पाहता ती उबवायला बसते, म्हणून पिल्ले एकाच दिवशी निघत नाहीत. थोरले आणि धाकटे यांच्यात काही दिवसांचे अंतर राहते, आणि चारा कमी पडला तर धाकटे मागे पडते, बहुतेकदा मरते. आंधळी, उघडी जन्मलेली पिल्ले सहा-सात आठवडे ढोलीतच राहतात आणि उडू लागल्यावरही काही महिने आईबापांच्या मागे असतात. सगळा हिशेब केला तर एका जोडप्याला एकच ढोली, कुणी न हलवता, तीन महिन्यांहून अधिक काळ हवी. आणि वर्षात ही संधी बहुधा एकदाच येते.

त्यात पोपट दीर्घायुषी. चिमणीसारखा छोटा पक्षी थोडी वर्षे जगतो आणि त्यात अनेकदा वितो. पोपटाचे गणित उलटे असते. पहाडी पोपट पंचवीस-तीस वर्षे जगू शकतो आणि विणीला लागायलाच दोन-तीन वर्षे घेतो. म्हणून एखाद्या टापूत पाच वर्षे एकही पिल्लू जगले नाही, तरी संध्याकाळचा थवा फारसा विरळ दिसणार नाही. तीच म्हातारी होत चाललेली पाखरे रोज त्याच वाटेने उडत राहतील आणि खालचा माणूस समाधानाने मान हलवील. थव्यातले तरुण पक्षी वेगळे मोजावेत म्हटले तर तेही सोपे नाही. काळा-गुलाबी कंठ असतो फक्त वयात आलेल्या नराला. मादीला तो नसतो, आणि कोवळ्या नरालाही नसतो. उडत्या थव्यात बिनकंठाचा पक्षी दिसला तर ती दहा वर्षांची मादी आहे की गेल्या एप्रिलमधले पिल्लू, हे सांगणे कठीण. आकाशाकडे बघून केलेली मोजणी म्हणूनच फसवी. ‘इतके पोपट तर आहेत’ या हरकतीला माझे उत्तर हे, की आहेत ते जन्मलेले होते. आता किती जन्मतात हा प्रश्न आहे.

ढोली कुठून येते? बहुतेक पोपट ती मुळापासून खणत नाहीत. सुतार पक्षी मेलेल्या, भुसभुशीत फांदीत कोरतात, तांबट आणि कुटुरगा पांगाऱ्या-शेवग्यासारख्या मऊ लाकडात भोके पाडतात, आणि त्यांनी सोडलेल्या जागा पुढे इतर पक्षी वापरतात. पहाडी पोपट मऊ लाकूड मिळाले तर स्वतःही कोरू शकतो, पण त्याचा देह मोठा. तांबटाच्या चिमण्या खोलीत त्याचा संसार मावत नाही. त्याला जाड बुंध्यातली, खोल पोकळी लागते. अशी पोकळी फांदी मोडून, पाणी मुरून, बुरशी शिरून, आतला गाभा कुजून तयार होते, आणि त्याला दशके लागतात. उत्तन, डोंगरी, चौक या किनाऱ्याच्या गावांत शेंडा झडलेला माड किंवा ताडही हे काम करतो. बिनझावळ्यांचा, खांबासारखा उभा राहिलेला तो सोट माणसाला निरुपयोगी दिसतो. पोपटांना, साळुंक्यांना, पिंगळ्यांना तो चाळ वाटत असावा. कारण गिऱ्हाईक एकटा पोपट नसतो. साळुंकी भांडखोर आणि आधी येऊन बसणारी, पिंगळा आणि खार तिथेच राहायला टपलेले, काही ढोल्या मधमाश्यांच्या ताब्यात, आणि घोरपड व धामण अंडी-पिल्लांच्या शोधात फिरणारी. मागणी इतकी आणि पुरवठा तेवढाच, अशा बाजारात मोठ्या जागेची गरज असलेले भाडेकरू सर्वांत आधी बेघर होतात.

मीरा-भाईंदरची जागा या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे जंगल, त्याच्या कडेला काशिमिरा, चेणे, काजूपाडा, घोडबंदर, वर्सोवे. उत्तरेला वसईची खाडी. पश्चिमेला डोंगरी-उत्तनचे टेकाड आणि समुद्र. मधल्या सपाट पट्टीत मिठागरे, खारफुटी आणि २०११च्या जनगणनेत आठ लाख ओलांडलेले शहर. खारफुटीला इथे न्यायालयांचे आणि नियमांचे संरक्षण आहे, रोहित पक्ष्यांमुळे खाडीकडे छायाचित्रकार धावतात. पण खारफुटीत पहाडी पोपटाला मावेल अशी ढोली क्वचितच. त्याला लागणारे जुने वृक्ष आहेत ते टेकडीच्या उतारांवर, गावठाणांत, वाड्यांत, देवळा-चर्चच्या आवारांत आणि जुन्या रस्त्यांच्या कडेला. आणि शहर वाढते आहे नेमके त्या दिशांना. मेट्रो ९ ची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्वा भागात होणार होती. ग्रामस्थांच्या विरोधानंतर ती डोंगरीच्या टेकाडावर सरकली, आणि तिच्यासाठी दहा हजारांहून अधिक झाडे तोडण्याच्या प्रस्तावावर हरकतींचा पाऊस पडला. त्या वादात दोन्ही बाजू झाडांचा आकडा सांगत होत्या. कारशेड हवी की नको, हा इथला विषय नाही. मेट्रोमुळे गाड्या कमी होतील हा मुद्दा खराच आहे. पण त्या हजारो झाडांपैकी किती पोकळ होती, किती ढोल्यांत संसार चालू होता, हा आकडा वादाच्या केंद्रात आलाच नाही.

याचे मूळ कायद्याच्या मापात आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा. २०२१च्या दुरुस्तीने त्यात चांगली भर पडली: पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावण्याचे बंधन आले. साठ वर्षांच्या वृक्षाबदली साठ रोपे. कागदावर हा सौदा उदार आहे. पोपटाच्या बाजूने पाहिले तर त्या साठ रोपांत मिळून एकही ढोली नाही, आणि सगळी जगली तरी पुढची कित्येक वर्षे नसेल. साठ तान्ही बाळे मिळून एक आजोबा होत नाहीत. दुसरीकडे, मेलेले, रोगट किंवा धोकादायक झाड काढायला हाच कायदा सहज वाट देतो. वृक्षगणनेच्या भाषेत जे झाड ‘रोगट’ आहे, तेच पक्ष्याच्या भाषेत राहण्याजोगे झालेले असते. धडधाकट, सरळ, गुळगुळीत बुंध्याचे झाड नागरिकाला देखणे वाटते. त्यावर पोपटाला बसता येते, वीण करता येत नाही.

पिल्लांची चोरीही याच दाराने होते. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासून बंद आहे, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली कुठलाही देशी पोपट पकडणे, विकणे, घरात पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरीही बंदी असलेल्या या बाजारात पहाडी पोपटाला कायम मागणी असते, कारण तो स्वच्छ बोलतो. मोठा पक्षी पकडून उपयोग नसतो, तो माणसाळत नाही. चोर ढोलीशी जातो, हात आत जावा म्हणून तोंड कुऱ्हाडीने रुंदावतो, कधी सगळी फांदीच उतरवतो. त्या वर्षीची पिल्ले गेलीच; वर पाऊस आणि घोरपड आत येईल असे भगदाड झालेली ती ढोली पुढच्या वर्षीही कामाची उरत नाही. पिल्ले प्रवासात गुदमरून, उपासमारीने मरतात. जे वाचते ते गॅलरीत टांगले जाते. पिंजऱ्यातला पोपट हा आपल्या जिव्हाळ्याचा भाग आहे, आजीच्या हातची मिरची खाणारा तो घरातलाच एक असतो, असे म्हणतात. जिव्हाळा खोटा नाही. पण व्हेनेझुएलातल्या छोट्या हिरव्या पोपटांवर कार्ल बर्ग आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सांगतो, की तिथे ढोलीतल्या पिल्लाला आईबापच त्याची विशिष्ट हाक शिकवतात. तीच पुढे त्याची ओळख ठरते, नावासारखी. हे सगळ्या पोपटांत तंतोतंत असेच घडते असे म्हणायला अजून वाव नाही. तरी डोळे उघडण्याच्या सुमारास उचललेल्या पिल्लाला आपण ‘विठू’ म्हणायला शिकवतो तेव्हा कोणती शाळा आपण बंद केली, याची कल्पना येते.

सर्वांत वजनदार हरकत माणसाच्या जिवाची आहे. पावसाळ्यात मुंबई-ठाण्यात झाडे पडतात, माणसे दगावतात. पोकळ झाड उभे ठेवा असे म्हणणाऱ्याने त्याची जबाबदारी घ्यावी. अगदी बरोबर. शाळेच्या फाटकावर, बसथांब्यावर, झोपडीच्या छपरावर कललेले पोकळ झाड काढलेच पाहिजे, आणि त्यात पोपट असला तर हंगाम संपेपर्यंत खालची जागा बंद ठेवण्याचा विचार व्हावा, इतकेच. पण धोका झाडात नसतो, झाड आणि त्याच्याखालच्या वर्दळीत मिळून असतो. चेण्याच्या ओढ्याकाठी, घोडबंदरच्या उतारावर, उत्तनच्या वाडीच्या टोकाला मेलेला शिरीष कुणाच्या डोक्यावर पडणार आहे? शहरातही ‘ठेवा’ आणि ‘तोडा’ यांच्यामध्ये जागा आहे. जड फांद्या उतरवून, उंची कमी करून, दहा-पंधरा फुटांचा जाड बुंधा उभा ठेवता येतो. पसारा कमी झाला की वारा धरत नाही आणि पडला तरी लांब जात नाही. बागकामाच्या ठेकेदाराला हे काम कमी नाही, उलट थोडे जास्त कौशल्याचे आहे.

मग लाकडी पेट्या टांगा, असा सोपा सल्ला येतो. पेट्यांनी पोपट वाचवले आहेत, यात शंका नाही. पोर्तो रिकोत १९७५ साली रानात १३ पोपट उरले होते. तिथे कुजक्या ढोल्यांची डागडुजी झाली, शत्रुपक्ष्यांना आत डोकावता येऊ नये अशा खोल कृत्रिम ढोल्या बसवल्या गेल्या, आणि पुढे रानातली जवळजवळ सगळी वीण त्यांत होऊ लागली. मॉरिशसची गोष्ट आपल्याला आणखी जवळची, कारण तिथला एको पोपट आपल्या कंठवाल्या पोपटाचा सख्खा नातलग. १९८०च्या दशकात तो दहाच्या आसपास उरला होता. आज सातशेहून जास्त आहेत. त्यासाठी कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गळक्या ढोल्या दुरुस्त केल्या, उपाशी मरणार हे ठरलेले धाकटे पिल्लू उचलून वाढवले, चारा पुरवला, पेट्या लावल्या. रानातल्या जोड्यांनी सुरुवातीला पेट्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. पेट्यांची सवय लागली ती माणसाने वाढवून सोडलेल्या पक्ष्यांपासून. आणि तिथे ढोल्यांवर हक्क सांगणारा एक उपरा होता, १८८६च्या सुमारास पिंजऱ्यांतून सुटलेला, आपल्याकडचाच कंठवाला पोपट. एवढे सगळे करायला माणसे बारा महिने रानात राबली. सोसायटीच्या आंब्यावर एक पेटी ठोकून, फोटो काढून विसरून जाणे म्हणजे साळुंकीला फुकट घर देणे आहे, आणि चोराला पत्ता. पेटी हा अखेरचा इलाज आहे, ढोली असताना तो आधी का करावा?

शेवटची हरकत जरा बारकाव्याची. मुंबई-ठाण्यातले काही पहाडी पोपट पिंजऱ्यातून सुटलेल्यांची प्रजा असेल, मग त्यांना ‘रानटी’ कसे म्हणायचे? असेलही. पण तीन पिढ्या स्वतः ढोली शोधून वाढलेल्या पक्ष्याला त्याच्या पणजोबाच्या पिंजऱ्याबद्दल जाब विचारण्यात अर्थ नाही. त्याच्या गरजा रानातल्या जोडीच्याच आहेत. या हरकतीतून एक सावधगिरी मात्र घ्यावी. दया येऊन घरचा पोपट खिडकीतून सोडणे हे पुण्य नाही. तो चारा शोधायला शिकलेला नसतो, आणि पिंजऱ्यातले आजार रानात नेतो. मॉरिशसमध्ये चोच-पिसांच्या विषाणूने २००५च्या आसपास सावरत आलेल्या पाखरांना पुन्हा घेरले होते. असा पक्षी वनविभागाकडे सोपवावा.

करायचे काम मोठ्या खर्चाचे नाही. वृक्ष प्राधिकरण दर पाच वर्षांनी झाडांची गणना करते. जात, घेर, उंची, प्रकृती असे रकाने असतातच. त्यांत ‘ढोली’ हा एक रकाना वाढवावा, आणि वापरात असेल तर कोण राहते तेही लिहावे, नेमकी जागा मात्र जाहीर करू नये. तोडणीच्या आणि छाटणीच्या परवानगीत नोव्हेंबर ते मे हा काळ ढोलीच्या झाडांसाठी वगळावा. भरपाईच्या रोपांत पांगारा, काटेसावर यांसारखी लवकर वाढणारी, मऊ लाकडाची देशी झाडे घ्यावीत. नातवंडांच्या आधी मुलांना तरी ढोल्या दिसतील.

हंगाम जवळ आला की पहाडी पोपटांच्या जोड्या घर शोधायला निघतात. सोसायटीच्या आवारातले वाळके झाड काढण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी एकदा सकाळी त्याच्याखाली अर्धा तास उभे राहा आणि वर पाहा. गोल तोंडाशी हिरवी शेपटी दिसली तर अर्ज जूनपर्यंत ठेवून द्या. आणि त्या झाडावर दोर टाकून कुणी चढताना दिसले, तर वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे.